‘प्रतिनिधी’ म्हणजे मी

जुलै २०२० मध्ये मला आमच्या पेपरच्या ऑफिसातून फोन आला, ‘उद्या अकराला येऊन जा.’ लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्या लोकांनाच होती. कुर्ल्याहून लोअर परळला बेस्टच्या दोन बस बदलून पोचले. आमचं ऑफिस म्हणजे जुन्या मिलच्या आवारातल्या गाळ्याचा पोटमाळा. शिपाईमामांनी तापमान मोजलं, हातावर सॅनिटायझर दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आत मॅडम आहेत, नव्या.’

टेबलावर छापून ठेवलेला कागद होता. माझं नाव, पद, खाली तारीख आणि दोन ओळी: ‘मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. माझे संस्थेकडे कोणतेही येणे बाकी नाही.’ कागदावर निळं बॉलपेन आडवं ठेवलेलं होतं. सही केली तर दोन महिन्यांचा पगार आठवड्यात खात्यात, नाही केली तर ‘पुढचं काही सांगता येत नाही’, असं मॅडम म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. सकाळपासून त्यांच्यासमोर आमच्यातले नऊजण बसून गेले होते आणि त्यांचा आवाज बसला होता.

मी सही केली नाही. मी शूर वगैरे अजिबात नाही. त्या कागदावर ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं होतं आणि माझं तसं काहीच कारण नव्हतं. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवरची खोटी वाक्यं शोधून काढायचं काम केल्यावर स्वतःच्या नावाखाली एक खोटं वाक्य राहू द्यावंसं वाटेना. पेन होतं तिथेच ठेवलं. चार दिवसांनी ईमेल आला, ‘आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही.’

२००३ साली मी त्या पेपरात लागले. शहरातल्या मोठ्या दैनिकांच्या पंगतीत आम्ही कधीच नव्हतो. परळ, लालबाग, वरळी, शिवडी, दादर, फार तर चेंबूरपर्यंत आमचा वाचक. माझं बीट महापालिकेचे दोन वॉर्ड, जी दक्षिण आणि एफ दक्षिण. प्रभाग समितीच्या बैठका, पाण्याच्या वेळा, उपकरप्राप्त इमारतींच्या नोटिसा, बीडीडी चाळी, गिरणी कामगारांच्या घरांची सोडत, केईएमचा अपघात विभाग. मोठ्या पेपरचा बातमीदार मुख्यालयात स्थायी समितीला बसायचा, मी वॉर्ड ऑफिसच्या बाकावर. त्या बाकावर दोन तास बसलं की कुठल्या गल्लीतली जलवाहिनी फुटली आणि कुठल्या बिल्डरची फाइल कोणत्या टेबलावर आहे, हे दोन्ही कळायचं.

पेपर विक्रीवर चालत नाही, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. चार रुपयांच्या अंकातून विक्रेत्याचं कमिशन वजा केलं तर कागदाचेही पैसे सुटत नाहीत. आम्ही चालायचो छोट्या जाहिरातींवर. क्लासेस, साडी सेल, श्रद्धांजली, गणपतीत मंडळांच्या शुभेच्छा आणि सर्वांत जास्त म्हणजे जाहीर नोटिसा. सोसायटीतला सभासद वारला की फ्लॅट वारसाच्या नावावर करताना हरकती मागवायची नोटीस दोन स्थानिक पेपरांत द्यावी लागते. कागदपत्रं गहाळ झाली, जागेचा टायटल तपासायचा आहे, नोटीस द्या. पानभर बारीक टाइपातल्या त्या नोटिसा कोणी वाचायचं नाही, पण आमचे पगार त्यातूनच व्हायचे. मग क्लासवाले फेसबुकवर गेले, बिल्डर होर्डिंगवर आणि गूगलवर, श्रद्धांजली व्हॉट्सॲपवर. नोटिसा तेवढ्या उरल्या. संध्याकाळी परळ स्टेशनबाहेर आमचा अंक घेऊन गाडीत चढणारी माणसं मोबाइल बघत चढू लागली. त्यातच २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर दहा टक्के सीमाशुल्क लागलं, पुढच्या वर्षी ते पाचवर आलं, तोवर आमची बारा पानं आठ झाली होती. २०१९ मध्येच ‘डीएनए’ या इंग्रजी पेपराची छापील आवृत्ती थांबली, ‘आफ्टरनून’ हा इंग्रजी पेपरही बंद पडला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईत पेपर छापणंच काही दिवस थांबलं. एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी घातली. इतर ठिकाणी ती लवकर सैल झाली, मुंबईत मात्र जूनपर्यंत राहिली. ज्या घराने अडीच महिने पेपराशिवाय काढले, ते घर पुन्हा पेपर लावेलच असं नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी लावलाच नाही.

तेव्हा मालकांची अडचण खोटी होती असं मी म्हणत नाही. त्यांनी ती आमच्या सहीखाली लपवायची नव्हती, एवढंच.

पुढे काय करायचं, ते आझाद मैदानाजवळच्या पत्रकार संघात भेटलेल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांनी १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा समोर ठेवला आणि कलमांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. सेवेतून कमी करायचं तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकाराला तीन महिन्यांची नोटीस. तीन वर्षं सलग नोकरी झाली असेल तर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी. त्याच कलमात एक तरतूद होती, जी मी तोवर वाचली नव्हती. दहा वर्षांच्या आत राजीनामा दिलेल्या पत्रकाराला एरवी ग्रॅच्युइटी नाही, पण तो राजीनामा सदसद्विवेकबुद्धीला स्मरून दिलेला असेल, तर तीन वर्षांच्या सेवेवरही ती मिळत असे. कारखान्याच्या कायद्यात असं कलम सापडणार नाही. पत्रकाराला विवेक असतो आणि तो जपायला पैसे लागतात, हे संसदेने लिहून ठेवलं होतं. ते वाचून मला गहिवरून आलं होतं, हे लिहायला संकोच नाही. २०२० मध्येच हा कायदा नव्या कामगार संहितांत विलीन करायचं संसदेत मंजूर झालं, पण माझा दावा जुन्याखालीच उभा राहिला.

‘कागद काय काय आहेत?’ दादांनी विचारलं.

नेमणूकपत्र होतं, २००३ चं. पगाराच्या स्लिपा २०१२ पर्यंतच्या. त्यानंतर काही नाही, आणि त्याला कारण होतं. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या. पुढच्या वर्षी आम्हा बहुतेकांना नवं पत्र दिलं गेलं. कर्मचारी हा शब्द जाऊन ‘मानधनावरील वार्ताहर’ आला, करार एका वर्षाचा, दर वर्षी नवा. जे आस्थापनेवर राहिले, त्यांच्याकडून शिफारशींतल्या ‘२०(जे)’ या कलमाखाली लिहून घेतलं की आहे तो पगार आम्हाला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ ला शिफारशी वैध ठरवल्या, १९ जून २०१७ ला ते ‘२०(जे)’चं हमीपत्र कमी पगारासाठी ढाल म्हणून वापरता येणार नाही असंही सांगितलं, आणि वसुलीसाठी श्रमिक पत्रकार कायद्याच्या कलम १७ चा रस्ता दाखवला. ह्या निकालाची बातमी आमच्या पेपरात आली नाही. मला ती दुसऱ्या पेपरातून कळली, गाडीत, शेजारच्या बाईच्या हातातल्या अंकावरून.

ऑक्टोबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात नमुना ‘क’ मधला अर्ज दिला. पगारातला फरक, ग्रॅच्युइटी, तीन महिन्यांचा नोटीस पगार. आकडेमोड करायला माझ्या धाकट्या दिराने तीन रविवार घालवले. पीएफचं काम त्या मानाने सोपं निघालं. कंपनी सोडल्याची तारीख टाकायला मालकाच्या मागे लागावं लागेल अशी भीती होती, पण शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आता आपणच ऑनलाइन भरू शकतो. अर्थात २०१२ नंतर वर्गणी भरलीच गेली नव्हती, त्यामुळे हाती आले ते जुन्या नऊ वर्षांचे. पेन्शनला दहा वर्षं लागतात.

कंपनीचं उत्तर आलं: अर्जदार श्रमिक पत्रकार नाहीत, अधूनमधून बातम्या पुरवणाऱ्या वार्ताहर आहेत, किती बातम्या त्यांनी दिल्या याची नोंद उपलब्ध नाही. कायद्याची व्याख्या ‘पूर्णवेळ असो वा अर्धवेळ’ असं म्हणत होती, तरी पत्रकारिता हा माझा मुख्य व्यवसाय होता हे मला दाखवायचं होतं. वाद आहे म्हटल्यावर प्रकरण कामगार न्यायालयाकडे गेलं, वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या इमारतीत. वकीलसाहेब म्हणाले, ‘ताई, बायलाइनी आणा. सतरा वर्षांच्या.’

इथे खरी गोष्ट सुरू होते.

स्थानिक पेपरात बायलाइन रोज मिळत नाही. मालिका असेल, विशेष बातमी असेल तर नाव. बाकी दिवसाला चार-पाच बातम्या जातात त्या ‘प्रतिनिधी’ या नावाने. पाणी येणार नाही: प्रतिनिधी. भिंत कोसळली: प्रतिनिधी. माझ्या हिशोबाने मी पंधरा हजारांच्या वर बातम्या लिहिल्या असतील. त्यातल्या नावानिशी छापलेल्या चारशेही नसाव्यात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बातमी पेपराची असते, आपली नाही, असंच शिकवलं होतं मला माझ्या पहिल्या मुख्य वार्ताहरांनी, आणि अजूनही ते मला पटतं. पण कोर्टात ‘प्रतिनिधी’ म्हणजे कोणीच नाही.

अंक शोधायला ऑफिसात गेले तर गाळा रिकामा. कंपनी आता दोन खोल्यांतून वेबसाइट चालवत होती. १९८० च्या दशकापासूनच्या बांधीव फायली माळ्यावर असायच्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, पाठीवर महिना आणि साल. ८२ च्या गिरणी संपाची अख्खी दीड वर्षं त्यात होती, कुठल्या गेटवर कोण बोललं, कुठल्या चाळीत कोणी भांडी विकली, ते सगळं. शिपाईमामांना फोन केला. ते म्हणाले, ‘टेम्पो आला होता ताई. किलोवर गेलं. पुठ्ठे वेगळे काढायला लावले त्याने, पुठ्ठ्याला भाव नाही म्हणून. मी बाळशास्त्रींचा फोटो तेवढा घरी आणलाय.’ दर ६ जानेवारीला, ‘दर्पण’ निघाला त्या दिवशी, त्या फोटोला हार घालायचं काम मामांचंच असे.

दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. तिथे आमचे काही महिन्यांचे अंक मिळाले, सलग नव्हेत. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात यायचा. तळहात पानाखाली सरकवून, भाकरी उचलावी तसं पान उचलायला मी तिथे शिकले. सात शनिवार बसले. शोधत होते स्वतःचं नाव, आणि वाचत राहिले भलतंच. २००५ च्या २६ जुलैनंतरचा आठवडा. एका बंद गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या टॉवरची पहिली बातमी, सिंगल कॉलम, प्रतिनिधी. ती मीच लिहिली होती, हे मला तिसऱ्या परिच्छेदातल्या एका शब्दावरून कळलं. ‘वळचण’ लिहायची सवय आमच्याकडे फक्त मला होती.

मग आठवल्या डायऱ्या. मी रोजच्या नोंदी शाळेच्या दोनशेपानी वह्यांत करायचे आणि वह्या टाकायच्या नाहीत ही आईची शिस्त. पलंगाखालच्या ट्रंकेत एक्केचाळीस वह्या निघाल्या. वरच्या कोपऱ्यात तारीख, ठिकाण, वेळ, आणि बोलणाऱ्याचं नाव. वकीलसाहेबांनी दोन वह्या चाळल्या आणि म्हणाले, ‘हे चालेल. वहीतली नोंद आणि दुसऱ्या दिवशीची छापील बातमी, जोड्या लावा.’ लहान मुलांच्या पेपरात असतात तशा जोड्या मी सहा महिने लावल्या. ज्या तारखांचे अंक ग्रंथालयात नव्हते, त्यांच्यासाठी माणसांकडे गेले. ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळीतले एक काका, गिरणीतले जुने जॉबर, त्यांनी पत्र्याच्या डब्यातून आमच्या पेपराची कात्रणं काढून दिली. त्यांच्या चाळीच्या प्रत्येक बातमीचं कात्रण होतं आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने माझं नाव. ‘तुझं नाव छापत नव्हते ना, म्हणून मी लिहून ठेवायचो. कोण आलं होतं ते लक्षात राहावं.’ मी त्या डब्यासमोर बराच वेळ गप्प बसून राहिले.

उलटतपासणी २०२३ च्या जूनमध्ये झाली. समोरचे वकील तरुण होते, सभ्य होते. त्यांनी २०१६ चा एक अंक पुढे केला. तिसरं पान, खालची बातमी, सतरा-अठरा ओळी: एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्टेशनं जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर सकाळी होणारी कोंडी.

‘ही तुम्ही लिहिली म्हणता. नाव कुठे आहे?’

‘प्रतिनिधी लिहिलंय.’

‘प्रतिनिधी कोणीही असू शकतो ना?’

मी वही मागितली. कोर्टाच्या पुराव्यांत ती निशाणी २३. तारीख आदल्या दिवसाची. ‘९.४० ते १०.१०. जिना पावलांनी मोजला. दोन्ही गाड्या एकदम आल्या की खालचे वर आणि वरचे खाली, मधे कोणी हलत नाही. एका बाईची चप्पल गेली, ती तशीच गेली कामावर. फुलवाला म्हणतो, पाऊस आला की लोक पुलावरच थांबतात, उतरत नाहीत.’ छापलेल्या बातमीत चपलेची ती ओळ जशीच्या तशी होती. पावसाची ओळ जागेअभावी कापली गेली होती.

कोर्टात क्षणभर शांतता होती. २९ सप्टेंबर २०१७ ला, सकाळी, पाऊस पडत असताना, त्याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसं गेली, हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मी केईएममध्ये रात्रीपर्यंत उभी होते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर माझं नाव ठळक छापलं गेलं. आदल्या वर्षीच्या सतरा ओळींवर नव्हतं. पुलाबद्दल वर्षानुवर्षं प्रवासी सांगत होते, इतर पेपरांतही आलं होतं, माझी बातमी त्यातली एक. तिने काही थांबलं नाही. पण तो जिना पावलांनी मोजायला कोणीतरी पगारावर नेमलेलं होतं. आज त्या वॉर्डात तसं कोणी नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला, नगरसेवकाचं ऑफिसही बंद. लोकांनी सांगायचं कोणाला, हा प्रश्न त्या काळात मला रोज फोनवर विचारला जायचा. मी नोकरीत नाही हे सांगितलं तरी माणसं बोलत राहायची, कारण दुसरा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

आमच्यातल्या इतरांचं थोडक्यात सांगते. ज्या नऊजणांनी त्या दिवशी सही केली, त्यांना मी दोष देत नाही. कोणाचं घरकर्ज होतं, कोणाच्या घरी ऑक्सिजन लागला होता. दोघं जनसंपर्काच्या कंपनीत आहेत. पानं लावणारा आमचा ऑपरेटर भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि लग्नपत्रिका करतो. त्याच्या पत्रिकेत अजून एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. मुद्रितशोधक काका घरी आहेत. माझं अधिस्वीकृती पत्र, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, संस्थेच्या नावावर होतं, ते परत करावं लागलं. मंत्रालयाच्या दारात पास काढायच्या रांगेत पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पोलीस हवालदार म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही इकडे कशा?’ मला उत्तर देता आलं नाही. आता मी दोन पोर्टलना बातमीमागे पैसे घेऊन लिहिते आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांना मराठी शिकवते.

२०२४ मध्ये कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव दिला. मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडं कमी. अपिलात गेलं तर आणखी किती वर्षं, ते वकीलसाहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं. मी घेतलं. पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल झाली तेव्हा त्यात एक वाक्य मी हट्टाने घालून घेतलं: ‘अर्जदार या २००३ ते २०२० या काळात संस्थेत बातमीदार म्हणून कार्यरत होत्या.’ त्या वाक्यासाठी चाळीस हजार कमी घेतले. घरी सांगितलं तेव्हा नवरा काही बोलला नाही, नुसती मान हलवली आणि चहा टाकायला उठला.

वह्या परत मिळायला वेगळा अर्ज करावा लागला. सप्टेंबरात मिळाल्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर शिक्का, निशाणी क्रमांक आणि सही. बीडीडीतल्या काकांची कात्रणं परत करायला गेले तर त्यांची चाळ पाडून झाली होती, ते संक्रमण शिबिरात राहायला गेले होते. पत्ता शोधून पोचले. त्यांनी डबा उघडला, कात्रणं तारखेप्रमाणे लावली आणि मला म्हणाले, ‘बस. इथे पाणी पहाटे साडेचारला येतं, तेही वीस मिनिटं. लिहून घे.’

पिशवीत शेवटची, अर्धी कोरी वही होती. मी कोपऱ्यात तारीख घातली.